बिघडवून द्या म्हणून आलेलं घड्याळ

आमच्या धंद्यात खरं बोलणारं गिऱ्हाईक मी क्वचितच पाहिलं. सगळ्यांची घड्याळं आपोआप बंद पडतात. कुणाच्या हातून ती पडलेली नसतात, कुणी ती घालून अंघोळ केलेली नसते, आणि कुणाच्याही नातवाने ती सुरीने उघडलेली नसतात. मागचं झाकण काढलं की आतून पाणी निघतं, कधी हळद निघते, एकदा तर मुंगळा निघाला. तरी समोरचा माणूस शांतपणे सांगतो, "भाऊ, टेबलावर ठेवलं होतं, तसंच थांबलं." अमरावतीच्या राजापेठेत उभं आयुष्य दुकान चालवल्यावर मी म्हणतो, मुंगळ्याचा जबाब घ्यावा, तो तरी प्रत्यक्ष आत होता.

हल्ली मी दुकान सकाळचंच उघडतो. शेजारी ट्यूशन क्लास आहे. त्यातली पोरं माझ्या पायरीवर बसून मोबाइलमध्ये वेळ बघतात आणि माझ्या दुकानातली घड्याळं बंद आहेत की चालू, याची त्यांना पर्वा नसते. उरलेली गिऱ्हाइकं म्हणजे सेल बदलून घेणारी, आणि दुसरी जुन्या घड्याळांची शौकीन. सेलवाली साधी असतात. शौकीन मात्र डोकं खातात. ते घड्याळाच्या आधी मोबाइल उघडतात आणि तेच घड्याळ मुळात कसं होतं, याचे फोटो दाखवतात. त्यांच्या मते जगातलं प्रत्येक जुनं घड्याळ कुण्या ना कुण्या गाढवाने सर्व्हिस करताना बिघडवलेलं असतं. यात बरंचसं खरं आहे. त्या गाढवांपैकी बरेच जण माझ्या ओळखीचे आहेत.

नितीन वानखडे असाच आला. मूळचा भातकुलीचा, नोकरीला पुण्यात. वय पंचेचाळिशीचं असेल. त्याने रुमालातून वडिलांचं घड्याळ काढलं. लग्नात सासऱ्याने जावयाला दिलेलं, चावीचं स्विस घड्याळ. मोबाइलमधल्या फोटोत त्याची तबकडी चंदेरी होती, त्यावर अंकांच्या जागी बारीक सोनेरी रेघा, आणि काटे असे नाजूक की फुंकर मारायची भीती वाटावी.

रुमालातलं घड्याळ बघून मी खुर्चीतच मागे सरकलो. तबकडीवर कुणीतरी दाराला लावायचा पांढरा ऑइलपेंट लावला होता. त्यावर काळ्या रंगाने एक ते बारा आकडे काढले होते, एसटीच्या गाडीवर नंबर टाकतात तेवढ्या हौसेने. त्यातला सात बारमधून घरी निघाल्यासारखा कलला होता. काटे टेबलावरच्या गजराच्या घड्याळातून कापून आणले होते आणि सेकंदाचा काटा लालभडक होता. मनगटावर बांधायला नगरपालिकेने पाटी काढली असती, तर ती साधारण अशी दिसली असती.

मागचं झाकण उघडलं. आत कोपऱ्यात सुईने कोरलेला बारीक 'ब' होता. घड्याळ दुरुस्त करणारा झाकणाच्या आतल्या अंगाला आपली खूण कोरून ठेवतो, ही आमची जुनी रीत.

"अकोल्याचा बब्बूभाई," मी म्हणालो.

बब्बूभाई हे आमच्या धंद्यातलं वऱ्हाडचं वैभव. स्पेअर पार्ट मिळत नसत त्या काळात हा माणूस शिवणयंत्राच्या सुईपासून घड्याळाची दांडी करायचा. घड्याळ चालू करून देणार म्हणजे देणार. ते दिसेल कसं, हा प्रश्न त्याच्या दृष्टीने बायकांचा आणि सोनारांचा.

"काका, हे सगळं मला दुरुस्त करायचंय," नितीन म्हणाला. "आमच्या ग्रुपवर फोटो टाकला तर लोक हसले."

बाहेरच्या माणसाला म्हणून सांगतो. सर्व्हिसमध्ये राहिलेल्या चुका दोन तऱ्हेच्या असतात. काही घड्याळाला मारतात. चुकीचं तेल, झिजलेली दांडी, कसाबसा अडकवलेला स्क्रू. या काढायच्याच, त्यात विचारण्यासारखं काही नसतं. बाकीच्या फक्त दिसायला वाईट असतात. दुसऱ्याचे काटे, रंगवलेली तबकडी, घासून घासून साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत केलेली बाहेरची धातूची केस. त्यांच्यावाचून घड्याळाचं काही अडत नाही. त्या काढायच्या की ठेवायच्या, हे ते घड्याळ घालणाऱ्याने ठरवावं.

"घालतं कोण? ग्रुप की वडील?" मी विचारलं.

"वडील."

"त्यांना विचारलंस?"

"सरप्राइज आहे, काका. पंच्याहत्तरी आहे त्यांची. फक्त ऑइलिंगला नेतो म्हणून आणलंय."

"पंच्याहत्तरीला सरप्राइज देऊ नये रे. त्या वयात डॉक्टरसुद्धा हळूहळू सांगतात."

तो हसला आणि त्याने खिशातून कापसात गुंडाळलेली डबी काढली. आत त्याच घड्याळाची मूळ तबकडी आणि तेच सोनेरी काटे. परदेशातल्या कुण्या म्हाताऱ्या घड्याळजीच्या पसाऱ्यातून त्याने ते शोधले होते. वर्षभर मागे लागला होता. मी आयग्लास डोळ्याला लावला आणि तिथे माझा उपदेश संपला. इतकी स्वच्छ तबकडी बघितल्यावर ती चिमट्यात न धरता परत देणारा घड्याळजी मला दाखवा, मी त्याचा सत्कार करतो.

काम झालं. आतलं जळमट निघालं, घड्याळ गोड आवाजात चालू लागलं आणि असं दिसू लागलं की मलाच सासऱ्याची आठवण आली. त्याने मला सायकल दिली होती. बब्बूभाईची तबकडी आणि काटे मी पुडीत बांधून नितीनच्या हातात दिले. काढलेला पार्ट गिऱ्हाइकाला परत द्यायचा, हा माझा नेम आहे.

पंच्याहत्तरी झाली असेल नसेल, एका सकाळी एक स्कूटर माझ्या दुकानाच्या पायरीला धडकून थांबली. पायरीवरची ट्यूशनची पोरं उडून बाजूला झाली. वरून एक उंच, ताठ म्हातारा उतरला. पांढरा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. हे वानखडे सर. शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झालेले. आवाज असा की मैदानाच्या पलीकडचा पोरगा उभ्या जागी सावधान व्हावा.

"घड्याळजी तुमीच?"

"हो. बसा सर."

"बसाले नाही आलो. माही घडी द्या."

त्यांनी खिशातून ते सुंदर घड्याळ काढून काउंटरवर आपटलं.

"ही तुमचीच आहे सर. मूळ रूपात आणलीय. नितीनने..."

"हे मले नका सांगू. हे बंद हाय."

मी उचलून कानाला लावलं. मस्त चालू होतं. त्यांच्या कानाला लावलं. त्यांनी ऐकलं, आणि मान झटकली.

"आवाज येऊन राहिला, पन काटा काहून नाही हालत?"

"हालतोय की सर. हा बघा."

त्यांनी घड्याळ दाराच्या उजेडाकडे धरलं, नाकाजवळ नेलं, लांब नेलं. मग म्हणाले, "नाही हालत. तुमी लोकं शिकेल पोट्ट्याले फसवता. माही होती तशी करून द्या."

"म्हणजे बिघडवून देऊ?"

"हाव! बिघडवून द्या!"

इतक्या वर्षांत असं काम माझ्याकडे आलं नव्हतं. मला रागही आला. डोळ्यांसमोर काटा फिरतोय आणि हा गृहस्थ तोंडावर खोटं बोलतोय. मास्तर लोकांना वाद घालायची सवयच असते, असं म्हणून मी नितीनला फोन लावला. जुनी तबकडी घेऊन ये म्हटलं.

"काका, ती मी अॅसिटोनने पुसली."

"कशाला?"

"खाली ओरिजिनल निघतं का बघायला."

"निघालं?"

"पितळ निघालं."

मग त्याचा आवाज बदलला. "वर्षभर शोधलं मी ते, काका. वाढदिवसाला हातात दिलं तर म्हणाले, हे कोणाचं उचलून आणलं? नीट बघितलंसुद्धा नाही त्यांनी. मी त्याच रात्रीच्या गाडीने निघून आलो. काटे आहेत, कुरिअर करतो. तुम्हाला काय लावायचं ते लावा."

काटे आले, सोबत ती पितळी चकतीही. ती पुन्हा पहिल्यासारखी रंगवणं माझ्या हाताला जमणारं नव्हतं. मी आकडे काढले असते तर सरळ आले असते. तो सात काढायला बब्बूभाईच हवा होता. तो अकोल्यात आहे, दुकान बंद करून घरीच असतो, एवढं मला माहीत होतं. सरांनी रिटायर झाल्यावर कधीतरी घड्याळ कुणाच्या तरी हाती तिकडे पाठवलं होतं, बब्बूभाईला स्वतः पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, मीही येतो, नाहीतर तुमी पुन्हा काहीतरी भलतंच करसान.

अमरावतीच्या स्टँडवर सर यवतमाळच्या गाडीत चढून बसले आणि कंडक्टरने गाडी यवतमाळची आहे म्हटल्यावर त्याच्याशीच भांडले. मी मनात म्हटलं, या माणसाचा स्वभावच असा दिसतो. मूर्तिजापूर येईपर्यंत ते मला नितीनबद्दल ऐकवत होते. पोरगा हुशार आहे, पन भैताड आहे. जुनी वस्तू जशी आहे तशी राहू द्यावी, एवढं त्याले समजत नाही.

अकोल्यात ताजनापेठेतल्या गल्लीत बब्बूभाई ओसरीवर बनियनवर बसला होता. आता पार वाळलेला, पण डोळे चकचकीत. मी पितळी चकती आणि काटे त्याच्यापुढे ठेवले. त्याने काटे लगेच ओळखले.

"ये तो मेरा काम है! कोन निकाला इसको?"

"मी," मी म्हणालो.

"तुम्हारा हात कैसा धजला?"

सरांनी जोरात मान हलवली. दोघांचं तिथल्या तिथे जमलं आणि मी चहा येईपर्यंत गुन्हेगार म्हणून बसलो.

बब्बूभाईने घरातून दोन ब्रश आणि काळा रंग आणला. तबकडीवर काढायच्या आधी एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर त्याने आकड्यांच्या ओळी काढल्या. वर बारीक, मध्ये जाड, खाली त्याहून जाड. हात थरथरत होता, पण उत्साह होता. पुठ्ठा त्याने सरांपुढे धरला.

"बोलो सर, ऊपर की लाइन कैसी?"

सरांनी पुठ्ठा घेतला, उजेडाकडे तिरपा केला. "वर कुठं काय हाय? खालून सुरू केलं तुमी."

मी बघितलं. वरची ओळ व्यवस्थित होती. बब्बूभाईने ब्रश उचलून सरांच्या तोंडासमोर धरले.

"सर, कितनी उंगली?"

"मी पी.टी.चा मास्तर हाय. मले कवायत नका शिकवू."

"अरे गिनो तो."

"दोन."

"उंगली एक भी नही. ये बुरुश है."

बब्बूभाईने ब्रश खाली ठेवले आणि मांडी बदलली.

"मोतिया है, सर. दोनों आँख में होगा. मेरेको भी था. मैं तो दुकान में बैठके छुपाता था. गिराइक को क्या बोलूं, घडीसाज अंधा हो गया? वो सात टेढा कायको आया, मालूम? उस टाइम मेरेकोच नही दिखता था."

"मग तुम्ही मशीनचं काम कसं करत होता?" मी न राहवून विचारलं.

"अंदाज से," बब्बूभाई म्हणाला.

सर उठले. म्हणाले, "कोणाले मोतिया झाला? मी भातकुलीहून स्कूटर चालवत येतो." एवढं बोलून ते ओसरीवरून उतरले आणि शेवटची पायरी चुकून खाली बसले. लागलं नाही. बब्बूभाईने आणि मी दोन्हीकडून धरून उठवलं. त्यांनी हात झटकले नाहीत, यावरून मी समजलो.

परतीच्या बसमध्ये बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत होते. बघत होते म्हणजे तोंड तिकडे होतं. मूर्तिजापूर गेल्यावर आपणहून बोलायला लागले.

"बरेच दिवस झाले. पेपरातले फक्त मोठे मथळे वाचतो. अंधारपांधार दिसते सगळं. ते जुनं घड्याळ तेवढं दिसत होतं. पांढऱ्यावर काळं, मोठं. लाल काटा फिरताना दिसे. त्याच्यावर मी दिवस काढून राहिलो होतो. पोट्ट्यानं नवीन हातात देल्लं, मले त्याच्यात काहीच दिसलं नाही. चकचकीत पाणी दिसलं नुसतं."

"मग सांगायचं त्याला."

"अन् मंग? मंग तो मले पुण्याले नेईन. वरच्या माळ्यावर ठेवीन कबुतरासारखं. खाली उतरायचं त लिफ्टचं बटन कोणी दाबून द्यायचं. माहं घर हाय, सकाळी ग्राउंडवर चक्कर हाय, चार पोट्टे अजून नमस्कार करतात. ते सोडून मी कायले जाऊ?"

"आणि स्कूटर?"

"दुधाच्या गाडीच्या मागं मागं येतो. ती पांढरी हाय, मोठी हाय, दिसते."

दूधवाला एखाद्या दिवशी नाल्यात गेला असता तर सर शिस्तीत त्याच्या मागे गेले असते. आणि मला स्वतःची लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. दिवसभर गिऱ्हाइकांच्या थापा ऐकून ऐकून माझे कान असे झालेत की एक माणूस समोर उभा राहून 'काटा हालत नाही' असं त्याला दिसत होतं तेच सांगत होता, आणि मी त्यालाच खोटारडा ठरवला.

स्कूटर माझ्या दुकानासमोर उभी होती. चावी मी मागितली. सरांनी ती दिली नाही. मी म्हटलं, ठीक आहे, मग मी नितीनला फोन करतो. त्यांनी चावी काउंटरवर फेकली आणि मला एक शिवी दिली, जी दिवाळी अंकात छापता येणार नाही, पण शाळेतल्या बऱ्याच पोरांना ती पाठ असेल.

"हे पाहा सर," मी म्हणालो. "मोतीबिंदू काढला की दिसतं. बब्बूभाईला दिसतंय. दिसायला लागल्यावर तुम्हाला पुण्याला कशाला नेईल तो? आंधळेपण लपवत राहिलात तर मात्र एक दिवस उचलूनच नेईल."

ते उभेच होते. मग म्हणाले, "ऑपरेशनमदी डोळा गेला त?"

इतका वेळ मैदानावरचा आवाज होता, या वाक्यापुरता तो साध्या म्हाताऱ्या माणसाचा झाला. मी म्हटलं, "मी येतो तुमच्यासोबत." एवढंच म्हणालो. ते म्हणाले, "फोन लावा त्या भैताडाले. मीच बोलतो."

मी लावून दिला.

"नितीन, मी डोळ्याचं ऑपरेशन करून राहिलो. मोतीबिंदू हाय. तुले यायचं असन त ये. पन मी पुण्याले येनार नाही, हे आधीच सांगतो." आणि पलीकडून काही यायच्या आत फोन माझ्या हातात. मी कानाला लावला तेव्हा नितीन नुसता 'बाबा, बाबा' करत होता.

तपासणीला मी गेलो, ऑपरेशनला नितीन आला. आधी एक डोळा, काही आठवड्यांनी दुसरा. दवाखान्यात दोघे बापलेक एकमेकांशी फारसं बोलले नाहीत, पण नितीन औषधाचे थेंब घालायचा तेव्हा सर मान वर करून मुकाट बसत. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना उभं राहायला लावलं, त्याच्यासाठी हे पुष्कळ झालं.

दरम्यान बब्बूभाईने तबकडी रंगवून एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवली. उघडून बघतो तर यावेळी सात सरळ होता. बाकीचे अकरा कलले होते.

काळा चष्मा सुटल्यावर एका सकाळी दोघे दुकानात आले. रिक्षाने. मी काउंटरवर दोन्ही मांडलं. एकीकडे मूळ रूपातलं घड्याळ, दुसरीकडे बब्बूभाईची तबकडी आणि लाल काटा. म्हटलं, सर, आता सांगा, काय करायचं?

सर बोलायच्या आधी नितीन बोलला. "जुनं बसवा, काका. बाबांना सवय आहे. मी उगाच केलं सगळं. मी आधी विचारायला पाहिजे होतं."

"तू चूप बस," सर म्हणाले. त्यांनी बब्बूभाईची तबकडी उचलली आणि लांबूनच बघितली. बराच वेळ बघितली.

"हे असं होतं?"

"साधारण," मी म्हणालो. "सात सोडला तर."

"इतकी वर्षं मी हे घालून ग्राउंडवर गेलो? पोट्ट्यांचे नमस्कार घेतले? कोनी सांगतलं नाही?"

"बाबा, पण आठवण म्हणून..."

"कायची आठवण बे? मोतीबिंदूची?"

त्यांनी दुसरं घड्याळ उचललं. चष्मा नाही, उजेडाकडे तिरपं करणं नाही. सोनेरी सेकंद काटा फिरत होता आणि त्यांचे डोळे त्याच्यासोबत फिरत होते, पूर्ण एक चक्कर. "असंच होतं," ते म्हणाले. "मांडवात देल्लं तवा असंच होतं. तुही माय म्हने, काटे दिसतच नाहीत." मग त्यांनी हात पुढे केला आणि पट्टा नितीनला बांधायला लावला. तो बांधत असताना सर वरून त्याच्या डोक्याकडे बघत होते.

"तुहे केस कवा पांढरे झाले?"

नितीनने मान वर केली नाही. "झाले बाबा. हळूहळू."

"मले नाही दिसलं," सर म्हणाले.

मी उगाचच चिमटे पुसायला घेतले. पट्टा बांधून झाल्यावरही नितीनने त्यांचा हात जरा वेळ धरून ठेवला.

राहता राहिला प्रश्न बब्बूभाईचा. त्याने थरथरत्या हाताने एवढं काम केलं होतं. मी म्हटलं, सर, फोन करून सांगू की बसवली म्हणून. म्हाताऱ्याला बरं वाटेल.

"कायले खोटं बोलता? लावा, मीच सांगतो."

मी फोन लावून स्पीकरवर टाकला. बब्बूभाईने उचलला.

"बब्बूभाई, मी वानखडे बोलून राहिलो. तुमची तबकडी पाहिली. एवढं घानेरडं काम मी जिंदगीत पाहिलं नाही."

मी डोळे मिटून घेतले. मग बब्बूभाई असा खदखदून हसला की फोन काउंटरवर थरथरला.

"मुबारक हो, सर!" तो ओरडला. "ऑपरेशन कामयाब हो गया!"